संक्रमण विषाणू करतो, संसर्ग डुकराला होतो

पशुवैद्यकाच्या धड्यांचं मराठी करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. हिपॅटायटिसचे, म्हणजे यकृताला सूज आणणारे, विषाणू एका जातीच्या प्राण्यातून दुसऱ्या जातीच्या प्राण्यात जातात, त्याला ‘संसर्ग’ म्हणावं की ‘संक्रमण’? आणि ‘डुकरांची कावीळ’ असं लिहिलं तर चालेल का?

कावीळ नको. हिपॅटायटिस-ई डुकरांच्या कळपांत सर्रास असतो, पण डुक्कर काही पिवळं पडत नाही, बहुधा आजारीही दिसत नाही. मग कावीळ कसली? सरळ ‘हिपॅटायटिस-ई’ लिहा, सगळ्यांना कळतं.

आता संक्रमण. ‘त्याला संक्रमण झालं’, ‘संक्रमित रुग्ण’ हे बातम्यांत ऐकून ऐकून कान किटले आहेत. ही हिंदीची उसनवारी आहे. मराठीत रोग लागतो, रोगाची लागण होते, संसर्ग होतो. संक्रमण करतो तो सूर्य. धनु राशीतून मकरेत जातो, ते मकरसंक्रमण. ‘मकरेला संक्रमण झालं’ असं आपण कधी म्हणतो का? संक्रमणाला ओलांडणारा लागतो आणि दोन घरं लागतात, एक सोडायचं आणि एक गाठायचं.

हे बोललो की संस्कृतची जाणकार मंडळी सुश्रुत पुढे करतात: ‘औपसर्गिकरोगाश्च संक्रामन्ति नरान्नरम्’. अहो, हा आधार तर माझ्याच बाजूचा आहे! संक्रामन्ति कोण? रोग. कुठून? नरात्. कुठे? नरम्. पाऊल रोगाचं आहे, माणसाचं नव्हे. ‘नरात्’मधली पंचमी, म्हणजे ‘कुठून’ ते सांगणारी विभक्ती, डोळ्यांआड करून श्लोक तोंडावर फेकणं ही विद्वत्ता नाही.

आणि खरं सोनं तर पुढेच आहे. संस्कृतात ‘संक्रम’ म्हणजे पूल. प्राकृतात त्याचा ‘संकम’ झाला आणि आपल्याकडे सांकव, साकव! दोन स्वरांमधल्या ‘म’चा ‘व’ होणं ही मराठीची जुनी खोड: ग्रामचं गाव, नामचं नाव. ताई, तुमची कावीळसुद्धा त्याच वाटेने आली आहे, कामला या शब्दावरून. कोकणीत पुलाला आजही सांकव म्हणतात, बंगालीत छोट्या पुलाला शाँको. माझ्या आजोळी वहाळावर पोफळीच्या दोन खोडांचा साकव होता, धरायला एका बाजूला बांबू. पावसात खोडं शेवाळायची, आजी अनवाणी पायाची बोटं रोवत पलीकडे जायची. तो साकव आणि मकरसंक्रांत एकाच धातूची लेकरं आहेत हे कळलं, त्या रात्री मला झोप लागली नाही.

विषाणूंचंही असंच आहे. साकव असेल तिथेच पलीकडे जाता येतं. राखी बगळ्यात हिपॅटायटिस-बीच्या कुळातला एक विषाणू १९८८ साली सापडला. बदकांमध्ये त्याचा सख्खा भाऊ आहे, पण बगळ्याचा विषाणू बदकाला लागत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या संशोधकांनी २००२ साली दाखवलं की पश्चिम भारतात माणसांतला हिपॅटायटिस-ई पहिल्या जनुकप्रकाराचा (जनुकांवरून पाडलेल्या पोटप्रकाराचा) आणि डुकरांतला चौथ्या. गटारं तीच, वस्ती तीच, तरी विषाणू वेगळे. उलट जपानात २००३ साली हरणाचं कच्चं मांस खाणाऱ्यांना हिपॅटायटिस-ई झाला, आणि उरलेल्या मांसात तोच विषाणू निघाला. तिथे साकव होता.

उंदरांचा हिपॅटायटिस-ई माणसात पहिल्यांदा आढळला तो २०१८ साली हाँगकाँगमध्ये. पुढे २०२४मध्ये अमेरिकेतल्या ओहायोच्या शास्त्रज्ञांनी माणसात सापडलेला हा उंदरांचा विषाणू डुकरांना टोचला. तो त्यांच्यात वाढला आणि त्यांच्याबरोबर ठेवलेल्या, न टोचलेल्या डुकरांतही पोचला. ताई, धड्यात हे असं लिहा: उंदराच्या विषाणूने डुकरात संक्रमण केलं, आणि सोबतच्या डुकरांना त्याचा संसर्ग झाला.