दारूवरचे उपचार सुरू असतानाच सिगरेट सोडायची गोळी घ्यावी, की आधी दारू नीट सुटू द्यावी?

तुम्ही लिहिलंय की दारू बंद होऊन पाच आठवडे झाले, सिगरेटी मात्र दहाच्या वीस झाल्या, आणि 'एका वेळी एकच' असं तुम्हाला बजावलंय. मलाही हेच बजावलं होतं. मी ते दीड वर्ष ऐकलं आणि खोकला तेवढा कमावला. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेचे एक संस्थापक बिल विल्सन यांची दारू 1934 साली कायमची सुटली. 1971 साली ते गेले ते फुप्फुसांच्या आजाराने, आयुष्यभर ओढलेल्या सिगरेटींमुळे.

मी डॉक्टर नाही, दोन्ही सोडलेला माणूस आहे. दोन्हींवर एकदम उपचार घेतले की दारू परत सुरू होते, ही भीती अभ्यासांतून फारशी टिकलेली नाही. 2004 साली बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा सिगरेटवरही मदत मिळालेले लोक पुढे दारूपासून उलट जास्त दूर राहिलेले दिसले. त्याच वर्षीच्या एका चाचणीत मात्र सहा महिने थांबलेले दारूच्या बाबतीत सरस निघाले. म्हणून वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा.

डॉक्टरांना शेवटच्या पेगची तारीख खरी सांगा, लाज वाटली तरी. सिगरेट सोडायची ब्युप्रोपिऑन नावाची गोळी आकडीचा धोका वाढवते, आणि दारू अचानक तोडल्यावर सुरुवातीच्या दिवसांत तो धोका असतोच. पूर्वी कधी फिट आली असेल तर तेही लपवू नका.

मी घेतली ती दुसरी गोळी, व्हरेनिक्लिन. मेंदूत निकोटीन जिथे जाऊन बसतं तिथे ही आधीच ठाण मांडते. तलफ भागेल इतपत चेव देते आणि वरून ओढलेल्या सिगरेटला जागाच ठेवत नाही. बरीचशी लघवीवाटे जशीच्या तशी बाहेर पडते, त्यामुळे दारूने थकलेल्या यकृताला तिचा फारसा जाच नाही. मूत्रपिंडं मात्र तपासून घेतात. तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, चार दिवस दोनदा, आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅम दोनदा, असे बारा आठवडे. पहिल्या आठवड्यात सिगरेट चालू असते. माझी आठव्या दिवशीची सिगरेट जळक्या पुठ्ठ्यासारखी लागली, अर्धीच विझवली. गोळी भरल्या पोटी, ग्लासभर पाण्याबरोबर घ्या. मी एकदा रिकाम्या पोटी घेतली आणि तासभर बेसिन धरून उभा होतो.

स्वप्नं फार खरी पडतात. मी स्वप्नात प्यायलो आणि जागा झाल्यावर स्वतःचा हात हुंगून पाहिला. या गोळीवरचा मानसिक त्रासाबद्दलचा ठळक इशारा अमेरिकेत 2016 साली हटवला गेला, तरी मूड बिघडला तर लगेच कळवा. आणि या गोळीवर दारू घेतली तर ती नेहमीपेक्षा जास्त चढू शकते, पाय घसरलाच तर हे ठाऊक असू द्या.

निकोटीनचा पॅच आणि गम हाही चांगला पर्याय. फक्त गम साधा चघळत बसू नका. चुरचुरला की गालात दाबून ठेवा, नाहीतर उचक्या लागतात.

एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. सिगरेटच्या धुरामुळे शरीर कॅफीन भराभर निपटतं. सिगरेट थांबली की तेवढीच कॉफी जास्त चढते. काही मानसिक आजारांच्या औषधांचंही तसंच, म्हणून चालू गोळ्यांची यादी दाखवा. मी चार रात्री टक्क जागा राहून व्हरेनिक्लिनला शिव्या घालत होतो. कॉफी सहा कपांवरून तीनवर आणली, पाचव्या रात्री झोपलो.