गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला का?

हा प्रश्न मला सरळ कुणीच विचारत नाही. "माह्या साळ्याचं हाय जी", "शेजारचा एक पोरगा हाय", अशी सुरुवात होते. मग हळूच: डोक्याची, म्हणजे मनाच्या आजाराची गोळी चालू केली तर देवावर भरोसा नाही असं होतं का? चर्चमध्ये पाळकाचं काम आणि त्यातच जमेल तसं समुपदेशन करताना मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता साळ्याची चौकशी करत नाही. समोरच्यालाच बसा म्हणतो.

ही गोष्ट दारव्हा-दिग्रस पट्ट्यातली. घरच्यांना विचारून लिहितोय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

कापूस वेचणीचे दिवस होते. शनिवारची घरप्रार्थना आटोपली, चहा झाला, लोक पांगले. एक ताई चप्पल सापडत नाही म्हणून मागे रेंगाळली. चप्पल पायातच होती. तिनं पदराची गाठ सोडून गोळ्यांची पट्टी काढली. दहातल्या तीन उरलेल्या.

"एक पट्टी संपवली, दुसरीतल्या सात खाल्ल्या, न् सोडून देल्ल्या जी यायनं. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातून आनल्या होत्या. आता म्हनते, प्रार्थनाच करीन."

"कधीपासून सोडल्या?"

ती जरा थांबली. "तुम्ही त्या रविवारी चिंतेवर बोलले ना, तवापासून."

मला ते प्रवचन चांगलंच आठवत होतं. बायबलमधलं पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय, सहावं वचन: 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका.' भरात येऊन मी म्हणालो होतो, चिंता करणं म्हणजे देवाला खोटं ठरवणं. मागच्या बाकांवरून दोन-तीन 'आमेन' आले होते. वाक्य मला स्वतःलाही फार आवडलं होतं.

सोमवारी शेतात गेलो. ताईचा नवरा पऱ्हाटीत उभा, कमरेला ओटी बांधलेली, पण हात चालत नव्हता. फुटलेल्या बोंडाकडे नुसता बघत होता. बांधावर बसलो. पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही. जेवण मातीसारखं लागतं. पीककर्ज थकलं, वरून बोंडअळी. हे सगळं तो गड्याच्या मजुरीचा हिशेब सांगावा तसं सांगत होता. आवाज फक्त एकदा फुटला: "प्रार्थनेले बसलो की आतून काईच येत नाई, पास्टरसाहेब. देवानंच तोंड फिरवलं म्हनलं."

मी सरळच विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घुसेल, ही भीती खोटी आहे. उलट विचारल्यावर माणूस बोलतो. तो बोलला. दोनदा आलं होतं मनात. त्याच संध्याकाळी फवारणीची औषधं धाकट्या भावाच्या कोठीत गेली आणि कुलपाची किल्ली भावजयीकडे. ताईच्या फोनमध्ये 14416 हा टेलि-मानसचा नंबर घालून दिला. 2022 पासूनची ही मानसिक आरोग्याची सरकारी मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं, रात्री-बेरात्रीही फोन लागतो.

मग बांधावरच बायबल उघडलं, पण चौथा अध्याय नाही. त्याच पत्राचा दुसरा काढला. पौलाचा सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारी गेला होता, तेव्हा आपल्यावर दुःखावर दुःख येऊ नये म्हणून देवानं दया केली, असं पौल लिहितो. त्याला परत पाठवलं की माझाही घोर कमी होईल, असंही लिहितो. चिंता करू नका म्हणणाऱ्याला स्वतःला घोर होता, आणि तो त्यानं लपवला नाही. हे मी त्या रविवारी वाचलं नव्हतं. तीमथ्य या आपल्या तरुण सहकाऱ्याच्या दुखण्यालाही पौलानं नुसती प्रार्थना सांगितली नाही, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणाला. त्या काळचं औषधच ते!

"चूक माझी झाली," मी म्हणालो. पाळकाच्या तोंडून हे ऐकायची त्याला सवय नव्हती. तो ओटीतला कापूस चिवडत बसला.

गोळी परस्पर सुरू करायची नाही, परस्पर बंदही नाही, म्हणून ओपीडीच्या दिवशी एस्टीनं दोघं यवतमाळला गेलो. डॉक्टर बाईंनी पट्टी मोजली आणि सतरा दिवसांवर बोट ठेवलं. डिप्रेशनच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. गुण यायच्या सुमारासच यानं सोडली होती. बरं वाटल्यावरही काही महिने घ्यावी लागेल, हे त्यांनी दोनदा सांगितलं. कर्जाचं बँकेत जाऊन त्याच्या धाकट्या भावानं बघितलं, त्यातलं मला कळत नाही.

चर्चच्या मंडळीत कुजबुज झालीच. मंडळीचा कारभार बघणाऱ्या एका वडिलांनी मला गाठून विचारलं, "मंग उपास-प्रार्थनेचा काय उपेग?" मी म्हटलं, उपास-प्रार्थना तर चालूच आहे, दर शुक्रवारी त्यांच्याच घरी. आणि ज्या मिशननं उमरीला दवाखाना काढला, तिथं आपल्या आया बाळंत झाल्या तेव्हा कुणी त्यांचा विश्वास मोजला होता का? ते गप्प झाले, पटलं असं काही नाही.

नाताळच्या आधी ताई भेटली. कसं काय म्हटलं, तर हसली. "आता इतकं घोरते जी, मलेच झोप नाई."

चर्चमधल्या कापणीच्या सणाला त्यानं साक्ष द्यावी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगावं, असा आग्रह झाला. आदल्या रात्री फोन करून विचारलं त्यानं, "गोळ्यायचं सांगू का?" मी म्हटलं, तुझी साक्ष, तू ठरव. दुसऱ्या दिवशी माईकपुढं उभा राहिला. झोप लागते, वेचणी झाली, प्रभूचे आभार, एवढंच बोलून खाली बसला. गोळ्यांचं नाव काढलं नाही. सदऱ्याच्या वरच्या खिशात पट्टी होती, पहिल्या बाकावरून मला तिची चंदेरी कड दिसत होती.