कॅमेऱ्याला गोधडी गुंडाळायच्या आधी

प्रश्न वाचला. मामांकडून आलेला ॲरी टू-सी, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मचा जुना सिनेमा कॅमेरा, मालवणात जुन्या चिऱ्याच्या घरात शॉर्ट फिल्म करायचीय, संवाद जागेवरच रेकॉर्ड करायचेत आणि कॅमेरा खडखडतो, तर कुठला फोम घेऊ असं तुम्ही विचारलंय. खाली लोकांनी गोधडी, थर्माकोल, अंड्यांचे ट्रे असं बरंच सुचवलंय. मी फोमवर येणारच आहे पण शेवटी येतो, कारण त्या आवाजातला काही भाग बऱ्याचदा नुसत्या दुरुस्तीनेच जातो, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत नादुरुस्त कॅमेरा झाकून ठेवला की त्याचं आतून वाटोळं होतं.

पहिली गोष्ट, माळ्यावरून काढला आणि लावली बॅटरी असं करू नका. जुनं ग्रीस घट्ट होऊन डिंकासारखं झालेलं असतं, मोटरने जबरदस्ती केली तर गिअर जायचा. आधी हाताने हळू फिरवून बघा, कुठे अडकतंय का, कुठे खरखर लागते का. मग गेट उघडा, म्हणजे लेन्समागची फिल्म सरकते ती चौकट. देवगडच्या एका ओळखीच्यांचा कॅमेरा माझ्याकडे आला होता, त्याच्या दाराच्या कडेला जो फोमचा सील असतो तो वितळून काळा डांबरासारखा झालेला आणि तो चिकटा ओघळून पार गेटपर्यंत गेलेला, फिल्म दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटवर इमल्शनचे, म्हणजे फिल्मवरच्या थराचे, खडे बसलेले, नखाला लागत होते. असं काही दिसलं तर स्क्रू ड्रायव्हर किंवा ब्लेड अजिबात लावू नका. बांबूची काडी टोकाला चपटी तासायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवायची आणि दमाने काढायचं, दोन दिवस लागले तरी लागू देत. गेटवर एक चरा पडला की पुढची प्रत्येक फिल्म त्या चऱ्यावरून जाणार. आणि तो फिरणारा आरशाचा शटर, १९३७ मधल्या पहिल्या ॲरीफ्लेक्सपासून जी या कॅमेऱ्याची शान आहे, त्याला कापड लावायचं नाही म्हणजे नाही. त्याचा मुलामा वरच्या बाजूला असतो, पुसला की गेला. फक्त ब्लोअर.

तेलाचं म्हणाल तर गंज काढायचा स्प्रे आत मारू नका, तो आधीचं ग्रीस धुऊन काढतो आणि मागे टिकणारं वंगण ठेवत नाही. खोबरेल वगैरे तर लांबच ठेवा. कॅमेऱ्याचं हलकं तेल मिळवा आणि क्लॉच्या, म्हणजे छिद्रात अडकून फिल्म ओढणाऱ्या नखाच्या, सांध्याला सुईच्या टोकाने एखाद थेंब द्या. जास्त झालं की ते फिल्मवर उडतं. गिअरचं जुनं ग्रीस काढून नवीन भरणं हे जाणकार मेकॅनिकचं काम आहे, तिथे पैसे वाचवू नका.

आता आवाज. एकदा फिल्म न घालता चालवा, एकदा घालून, दोन्ही वेळा लेन्ससमोर एक मीटरवर रेकॉर्डर ठेवून. मोबाईल नको, मोबाईल आपोआप आवाजाची पातळी वरखाली करतो त्यामुळे तुलना होत नाही. फिल्म नसतानाच घरघरत असेल तर मोटर, बेअरिंग, गिअर यांच्याकडे बघायचं. फिल्म घातल्यावर टकटक वाढत असेल तर लूप (गेटच्या वर-खाली फिल्मचा सैल ठेवलेला वळसा), गेट आणि क्लॉ. टू-सीच्या बाबतीत लूपचंच प्रकरण जास्त निघतं, लूप मोठा झाला की तो दर फ्रेमला आतल्या भिंतीवर फटका मारतो, म्हणजे सेकंदाला चोवीस फटके, आणि लहान झाला की क्लॉला फिल्म ओढून घ्यावी लागते, ते वेगळंच कर्कश वाजतं. मॅगझिन, म्हणजे फिल्मचा डबा, काढून लूप थोडा कमीजास्त करा आणि परत ऐका.

इथे एक गोष्ट कुणीच सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. टेस्टला घरात पडलेली जुनी फिल्म किंवा टुरिंग टॉकीजवाल्याकडची जुनी प्रिंट वापरू नका. निगेटिव्हच्या दोन छिद्रांमधलं अंतर ४.७४० मिलिमीटर असतं, प्रिंटचं ४.७५०, आणि जुनी फिल्म आकसते त्यामुळे तिचं आणखीनच तिसरं. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा आहे पण क्लॉ नेमका छिद्रात बसला नाही की तेवढ्यानेही आवाज चढतो. चांगला कॅमेरा उगाच खोलून बसतात लोक या पायी. ताज्या निगेटिव्हचा तुकडा मागा कुणाकडे तरी, लॅबवाले किंवा फिल्म शिकणारी मुलं देतात.

हे सगळं झालं की मगच जॅकेट, म्हणजे कॅमेऱ्याचा आवाज अडवणारं आवरण. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल विसरून जा, त्यात वजनच नाही. आवाज अडवायला वजन लागतं, आवरणाचं वजन दुप्पट केलं तर साधारण सहा डेसिबल फरक पडतो. फोम एकटा आवाज अडवत नाही, तो आतल्या आत घुमणारा आवाज शोषतो. म्हणून बाहेरून जाड कॅनव्हास, मध्ये वजनदार रबरी किंवा व्हिनाइल शीट, आत फोम आणि सगळ्यात आत गुळगुळीत कापड असे थर हवेत. गोधडी नको म्हणतो ती याच्यासाठी की सुती तंतू सुटतात, गेटमध्ये जातात आणि मग पडद्यावर कोपऱ्यात केस नाचताना दिसतो. फोम शोषायला ओपन सेलचा, म्हणजे उघड्या पेशींचा, चांगला, पण आपल्याकडे तो पावसाळ्यात पाणी पितो आणि पाण्याबरोबर मीठही, म्हणून मी ओपन सेलचे तुकडे कापडी खिशात घालतो, खिसे जॅकेटला वेल्क्रोने, रोज काढून उन्हात टाकता येतात. एवढी खटपट नको असेल तर बंद पेशींचा ईव्हीए फोम घ्या, थोडं कमी शोषेल पण टिकेल.

फटी मात्र बघा. शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला तरी बाकी कितीही जाड केलंत तरी वीस डेसिबलच्या पुढे फायदा मिळत नाही. लेन्सभोवती, आयपीसशी, केबल बाहेर येते तिथे कापड एकमेकांवर चढलं पाहिजे. लेन्समधूनही आवाज येतो. १९६५ च्या ॲरी सिक्स्टीन बीएल या कमी आवाजाच्या कॅमेऱ्याला लेन्ससाठी वेगळं कवच द्यावं लागलं ते म्हणूनच. समोर काच लावणार असाल तर चांगल्या दर्जाची, आणि जराशी तिरकी, नाहीतर तिच्यात दिवे दिसतात.

ट्रायपॉडखाली रबर ठेवा. माडीवर लाकडी तक्तपोशी असेल तर हे फारच महत्त्वाचं, तो थरथराट लाकडातून जाऊन माईकच्या स्टँडवर चढतो. चिऱ्याच्या खोलीत भिंती आणि फरशी दोन्ही आवाज परत फेकतात, तिथे गोधड्या लावा की, पण भिंतीवर, कॅमेऱ्याच्या मागे. कॅमेरा लांब नेऊन जास्त फोकल लेंग्थची, लांबचं जवळ दाखवणारी लेन्स लावा, अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत सहा डेसिबल फुकट मिळतात. फ्रिज, पंखा बंद. वेळ निवडणं हाही उपायच आहे, १९३१ मध्ये 'आलम आरा'च्या वेळी स्टुडिओशेजारून रेल्वे जायची म्हणून मध्यरात्रीनंतर शूटिंग करायचे. प्रत्येक सेटअपला कॅमेरा चालू ठेवून अर्धा मिनिट कुणीही न बोलता रेकॉर्ड करा, नंतर आवाज साफ करताना सॉफ्टवेअरला तो नमुना लागतो.

आणि मोटर कुठली आहे ते बघा. मूळची व्हेरिएबल स्पीड मोटर असेल तर आवाज कितीही कमी करा, ओठ आणि शब्द जुळणार नाहीत. चारशे फुटांचं मॅगझिन जेमतेम साडेचार मिनिटं चालतं, तेवढ्यात एक टक्का जरी वेग चुकला तरी अडीच सेकंदांपेक्षा जास्त फरक पडतो. क्रिस्टल मोटर, म्हणजे वेग अगदी नेमका धरून ठेवणारी, पाहिजेच.

माझं मत विचाराल तर टू-सीवर बंद खोलीतले हळू आवाजातले संवाद घेऊ नका. आपल्याकडे वर्षानुवर्षं याच कॅमेऱ्यावर शूट करून नंतर डबिंग केलं त्याला कारण होतं. ते दोन-तीन सीन्स भाड्याने ॲरी पस्तीस बीएल आणून करा, १९७२ पासूनचा आहे, मुळातच कमी आवाजाचा बनवलेला. दशावताराचा सीन आहे म्हणालात ना, तो मात्र बिनधास्त टू-सीवर घ्या, झांज आणि पखवाज चालू असताना जॅकेटमधला कॅमेरा कुणाला ऐकू येणार आहे. किनाऱ्यावरही तेच, लाटांची गाज सगळं गिळते.

फक्त किनाऱ्यावरून आलात की त्याच रात्री बॉडी बाहेरून गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने पुसा आणि लगेच कोरडी करा, कारण मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. जॅकेट काढून ठेवायचं, कितीही दमलात तरी. आत गरम झालेली मोटर, वर फोम, बाहेर दमट हवा, रात्रभर तसंच राहिलं तर सकाळी आतल्या धातूवर दव असतं. कॅमेरा आणि लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, आत आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्के राहिली पाहिजे, सत्तरच्या वर बुरशी लेन्सच्या काचेवर जाळं विणायला लागते आणि एकदा कोटिंग खाल्लं की ते परत येत नाही. आर्द्रता मोजायचा साधा हायग्रोमीटर डब्यात टाकून ठेवा. जेलचा रंग बदलला की भट्टीत साधारण १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरा, पण निळं जेल स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको, त्यात कोबाल्ट असतं, केशरी घ्या. आणि तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला खाली कुणीतरी दिलाय तो कृपा करून ऐकू नका, पिठूळ धूळ आत जाते.

आधी ती दोन रेकॉर्डिंग्ज टाका, फिल्मसकट आणि फिल्मशिवाय, सोबत लूपचा आणि मोटरच्या लेबलचा फोटो. मग जॅकेटचं कटिंग किती मापाचं ते सांगतो, माझ्याकडे टू-सीचा कागदी पॅटर्न आहे.