अभ्यासाला बसलं की खाज सुटते

प्रश्न : मी १७ वर्षांची आहे. लहानपणापासून कोपरात आणि गुडघ्यामागे इसब आहे. नीटच्या तयारीसाठी लातूरला हॉस्टेलवर राहते. टेस्ट जवळ आली की खाज वाढते, झोप उडते. सगळे म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस. कातडी पातळ होईल म्हणून आई मलम लावू देत नाही. मॅडम, काय करू?

उत्तर : 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणून टेन्शन जात नाही, उलट आपलंच काही चुकतंय असं वाटायला लागतं. तुझं काहीही चुकलेलं नाही. तुझ्या त्वचेतला ओलावा लवकर उडतो, ती पटकन लाल होते; हा तिचा मूळचा स्वभाव. ताण त्यात भर घालतो. झोप मोडते, घाम येतो, हात आपोआप खाजवायला जातो. खाजवलं की दाह वाढतो आणि पुन्हा खाज सुटते.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी 'खाजवू नका' असं कधीच सांगत नाही. आधी दोन-तीन दिवस नुसती नोंद करायला सांगते : हात गेला की वहीच्या मागच्या पानावर एक रेघ. बऱ्याच जणांना तेव्हा कळतं, की खाज नसतानाही, फिजिक्सचं गणित अडलं तरी हात कोपराकडे जातो. ते लक्षात यायला लागलं, की पुढचं जमतं. हात निघाला रे निघाला की मूठ घट्ट आवळायची आणि ३० आकडे मोजायचे. तरीही खाज असेल तर त्या जागी नखाने नुसतं दाबायचं, ओरबाडायचं नाही. सुरुवातीला विसरशील. चालेल.

आईची भीती अगदीच खोटी नाही. दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडची मलमं महिनोन् महिने लावून कातडी पातळ झालेले पेशंट मी बघते. पण डॉक्टरांनी दिलेलं मलम, सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावायलाच हवं. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. पुढच्या तपासणीला आईला सोबत ने, तिच्या शंका तिलाच विचारू दे.

आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत उरकायची. अंग टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. इसब संसर्गाने पसरत नाही, हे रूममेटला एकदा स्पष्ट सांगून टाक. लपवण्यात फार शक्ती जाते.

मन फारच खचलं तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर फोन कर, मराठीतून बोलता येतं. आणि अचानक दुखरे फोड आले, पू झाला किंवा ताप चढला, तर टेस्ट असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.