बूटलेगर म्हणजे हातभट्टीवाला नव्हे!

प्रश्न असा आला आहे: १९२० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या एका खेड्यावरचा मजकूर मराठीत आणताना 'बूटलेगर'ला 'हातभट्टीवाला' म्हटलं तर चालेल का, आणि 'मूनशायनर' म्हणजे तोच ना?

चालणार नाही, आणि तो तोच नाही. हातभट्टीवाला भट्टी लावतो, दारू गाळतो, आणि मूनशायनरही तेच करतो. बूटलेगर ती विकतो. पण दोष एकट्या प्रश्नकर्त्याला कसा द्यावा? ज्याला आपण सगळे 'एमपीडीए' म्हणतो, त्या गुंडांना स्थानबद्ध करण्याच्या महाराष्ट्राच्या १९८१ च्या कायद्याच्या इंग्रजी नावात 'बूटलेगर्स' आहेत आणि मराठी नावात त्यांचे सरळ 'हातभट्टीवाले' झाले आहेत. त्यातही कायद्याच्या व्याख्येत गाळणारा, साठवणारा, वाहून नेणारा, विकणारा असे सगळेच येतात. म्हणजे गोव्याहून विदेशी बाटल्यांची खोकी टेम्पोत घालून आणणारा, ज्याने जन्मात भट्टी पाहिली नाही, तोही सरकारी मराठीत हातभट्टीवाला! भाषांतर करणाऱ्याने व्याख्या वाचायची तसदी घेतली असती तर 'चोरटे दारूवाले' एवढ्यावर काम भागलं असतं.

'बूटलेग'मधला 'लेग' म्हणजे माणसाचा पाय नव्हे. गुडघ्यापर्यंतच्या बुटाचा घोट्याच्या वरचा भाग, म्हणजे बुटाची नळी. तिच्यात चपटी बाटली सरकवायची आणि वर विजारीचा पाय ओढून घ्यायचा. शब्द दारूबंदीत जन्मला असं जे ठोकून दिलं जातं तेही चूक. देशभरची बंदी १७ जानेवारी १९२० ला लागू झाली, पण कॅन्सससारखं राज्य १८८१ पासूनच कोरडं होतं. १८८९ साली ओमाहाच्या एका वृत्तपत्राने शेजारच्या आयोवात दारू पूर्वीइतकीच खपते, 'औषधासाठी' आणि 'बूटलेग' पद्धतीने, असा टोमणा मारलेला सापडतो. १९२० नंतर त्या बुटाचा काही संबंधच उरला नाही. माल पाच गॅलनच्या पत्र्याच्या डब्यांतून आणि लोणच्या-मुरंब्याच्या काचेच्या बरण्यांतून जाऊ लागला.

साखळीत माणसं तीन. गाळणारा, वाहणारा, विकणारा. लहान गावात एकच माणूस दोन कामं करी, पण शब्द वेगळे राहिले. वाहणाऱ्याचा प्रश्न वजनाचा. शंभर गॅलन व्हिस्की म्हणजे साडेतीनशे किलो, वर डब्यांचं वजन. गाडीची मागची बाजू बसते आणि पोलिसाला लांबूनच कळतं. म्हणून मागे जादा पट्ट्यांचे स्प्रिंग घालत. मग रिकामी गाडी मागून उंच दिसे आणि तेही पोलिसाला कळे! विकणाऱ्याची करामत निराळी. तो पाणी घाली, जळक्या साखरेने रंग आणी, झणका यावा म्हणून लाल मिरची टाकी. बरणी हलवायची आणि वर येणाऱ्या बुडबुड्यांवरून दारूचा कस जोखायचा, अशी रीत होती. हे गिऱ्हाईक बघणारच, म्हणून बुडबुडे टिकवायला तेलाचा थेंब नाहीतर कॉस्टिकचा अंश घालणारेही होते. हे सगळं विक्रेत्याचं पाप, नाव मात्र गाळणाऱ्याचं बद्दू. अर्थात गाळणारेही सगळे संत नव्हते. तांब्याचं वेटोळं परवडेना म्हणून वाफ थंड करायला मोटारीचा जुना रेडिएटर लावायचा, आणि त्याच्या डाखातलं शिसं दारूत उतरायचं.

आता 'मूनशाइन', म्हणजे चोरून गाळलेली दारू. 'चंद्रप्रकाशात, रात्री चोरून गाळायचे म्हणून मूनशाइन' हे इंटरनेटवरच्या प्रत्येक व्युत्पत्तिकाराला तोंडपाठ आहे. यातल्या कोणी भट्टी कशी चालते याची चौकशी तरी केली असती!

मक्याचा भरडा, मोड आणलेलं धान्य, साखर आणि पाणी पिंपात आंबत घातलं की वर फेसाची जाड टोपी धरते. ती टोपी खाली बसली की रसायन तयार. त्यानंतर दिवसभर जरी ढिलाई झाली तरी ते शिरक्याच्या वाटेला लागतं. तेव्हा गाळायचं कधी हे पिंप ठरवतं. तिथे पौर्णिमा कधी म्हणून पंचांग बघत बसायला कोणाला सवड? पुढे रसायन तांब्याच्या हंड्यात ओतायचं, उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं, नाहीतर भरडा बुडाला लागतो आणि सगळ्या घाण्याला करपट वास येतो. मग टोपण बसवून सांधे राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या लेपाने बंद करायचे. जुन्या पद्धतीत पहिल्यांदा निघतं ते गढूळ आणि सौम्य, त्याला 'सिंगलिंग्ज' म्हणत. हंडा घासूनपुसून ते पुन्हा गाळलं की व्हिस्की. एवढं एका रात्रीत उरकत नाही. मधे लाकडी पिंप जोडून, ज्यात वाफ धपधप आवाज करत बुडबुडते, दुसरी खेप वाचवणारेही पुष्कळ होते. त्या पिंपाला आवाजावरूनच 'थंपर' म्हणतात.

शिवाय रात्री जाळ दिसतो, दिवसा धूर. धूर जास्त होतो तो विस्तव पेटवताना, म्हणून पहाटेच्या अंधारात पेटवायचं आणि नंतर वाळक्या कठीण लाकडावर दिवसभर चालवायचं, हा जाणत्यांचा रिवाज. रात्र होती ती साखर आणायला आणि माल हलवायला.

मग चंद्र आला कुठून? इंग्रजीत 'मूनशाइन'चा जुना अर्थ 'काहीच नाही, पोकळ बात' असा आहे. फ्रान्सिस ग्रोस यांच्या १७८५ च्या रांगड्या बोलीच्या कोशात तो आहेच, आणि लगेच पुढे आहे की केंट आणि ससेक्सच्या किनाऱ्यावर चोरून उतरवलेल्या पांढऱ्या ब्रँडीलाही मूनशाइन म्हणतात. ही ब्रँडी समुद्रापलीकडून, करभरणा चुकवून आलेली. इंग्लंडातल्या ज्या लोकांनी तिला हे नाव दिलं त्यांनी ती गाळलीच नव्हती! माझं म्हणणं असं, आणि त्यावर मी ठाम आहे, की 'पिंपात काय आहे?' या जकातदाराच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हे नाव. काय आहे? काही नाही, चांदणं आहे. विल्टशायरकडची लोककथाही हेच सांगते. तळ्यात बुडवून ठेवलेली पिंपं दाताळ्याने ओढताना चोरटे सापडले, तेव्हा त्यांनी पाण्यातला चंद्र दाखवला आणि 'ते चीज ओढतोय' म्हणाले. जकातदार हसत निघून गेला. कथेने शब्द सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, पण चंद्र, रिकामपण आणि चोरटी दारू ही सांगड तिथल्या लोकांच्या डोक्यात होती हे नक्की. संस्कृतात आकाशपुष्प, तसं इंग्रजीत मूनशाइन. 'चांदणदारू' असं भाषांतर वाचलं की डोकं उठतं ते यासाठी.

आणि गंमत पाहा, पूर्व अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरातले गाळणारे स्वतःला मूनशायनर म्हणत नसत. ते 'ब्लॉकेडर' म्हणत, म्हणजे नाकेबंदी फोडणारे. मूनशायनर हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव. व्हर्जिनियातल्या फ्रँकलिन परगण्याच्या १९३५ च्या चोरट्या दारूच्या खटल्यात निघालेला साखरेचा आकडा ३ कोटी ३८ लाख पौंडांचा आहे. गॅलनला दहा पौंड साखर हा ढोबळ हिशेब लावून बघा, आणि परगण्याची वस्ती होती चोवीस हजारांच्या आसपास. एवढा माल चांदण्यात होतो होय?

तुमचं खेडं आयोवातलं असेल, टेम्पल्टनसारखं, तर तिथे डोंगर नाहीत, दाट जंगल नाही, सपाट शेती आहे. भट्टी गोठ्यात नाहीतर कोठारात, आणि दारू राय धान्याची. तिथे 'ब्लॉकेडर' घालू नका. गाळणाऱ्याला 'हातभट्टीवाला' म्हणा, हरकत नाही. विकणाऱ्याला 'चोरटा दारूवाला' किंवा नुसता 'बूटलेगर'. मराठीत तो रुळलेला आहे.

एक मात्र सांभाळा. उत्तम व्हिस्कीला 'पहिल्या धारेची' म्हणायचा मोह होईल. आपल्याकडे ते कौतुक आहे. तिथे दोनदा गाळणाऱ्याच्या तोंडी ते घातलंत तर त्याच्या लेखी ती गढूळ 'सिंगलिंग्ज' होईल, आणि ती तो कोणाला विकणार नाही.