बेसमेंटचं पाणी आणि एफडीतले 70 हजार

प्रश्न : वाकडला आमचा वन बीएचके आहे. ताबा मिळून साडेचार वर्षं झाली. पावसाळ्यात बेसमेंट पार्किंगच्या भिंतींतून पाणी झिरपतं. ग्राउटिंगसाठी (भेगांत सिमेंट किंवा रसायन भरण्यासाठी) कमिटी प्रत्येक फ्लॅटकडून 70 हजार मागते आहे. एफडी मोडू का?

उत्तर : एफडी मोडली तर अर्धा-एक टक्का व्याज जाईल, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. मला खटकतंय ते 'साडेचार वर्षं'. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांना संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम 14(3) नुसार ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. म्हणजे सहा महिने उरलेत. फोटो, तारखा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल जोडून सोसायटीने आधी लेखी नोटीस द्यावी. त्याआधी ग्राउटिंग उरकलंत, तर 'तुमच्याच कंत्राटदाराने भिंत बिघडवली' म्हणायला बिल्डर मोकळा. त्याने हात वर केलेच, तर तक्रारीसाठी महारेरा, म्हणजे या कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण आहे.

पाणी येतंय कुठून, हे कुणी तपासलंय का? फक्त पावसाळ्यात येत असेल तर बहुधा भूजलाचा दाब. राफ्ट (तळाचा काँक्रीटचा पाया) आणि रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) यांच्या सांध्यातून ते वाट काढतं. मे महिन्यातही भिंत ओली असेल तर संशय जमिनीखालच्या टाकीवर किंवा ड्रेनेजवर. टाकीचे व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवून सकाळी पातळी बघा, खर्च शून्य. पीयू (पॉलियुरेथेन) रसायनाच्या इंजेक्शनने भेग बुजते, पण बाहेरचा दाब तसाच राहतो आणि पुढच्या वर्षी पाणी दोन खांब सोडून निघू शकतं. त्यामुळे कंत्राटदाराच्या दहा वर्षांच्या गॅरंटीवर मी जात नाही. बिलाचे 15-20 टक्के एक पावसाळा भिंत कोरडी राहिल्यावरच द्यायचे, असं करारात घाला.

आता तुमचा वाटा. दुरुस्ती निधीत आणि सिंकिंग फंडात (मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीत) किती शिल्लक आहे, हे कमिटीला विचारा. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार) त्यांत दरवर्षी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान अनुक्रमे 0.75 आणि 0.25 टक्के जमा व्हायला हवेत. हिशेब बांधकाम खर्चावर असताना वन बीएचके आणि थ्री बीएचकेला सारखेच 70 हजार का? (मोठे फ्लॅटवाले रागावतील, रागावू द्या.) मात्र हे सगळं ठराव होण्याआधी बोला. सर्वसाधारण सभेने रक्कम मंजूर केल्यावर अडून बसलात तर थकबाकीवर 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज लागू शकतं, आणि तेवढं तुमची एफडी काही देत नाही. तशी वेळ आली तर मोडा. आज नको.