वॅट विचार, नावाचं नंतर बघू

नाशिक, रविवार रात्र

अगं पोरी,

गेमिंग लॅपटॉपच्या तुझ्या तीन लिंका दुपारीच आल्या होत्या. खाली तुझं एका ओळीचं पालुपद : "मावशी, कोणता घेऊ? पटकन सांग, सेल संपेल." पटकन सांगण्यासारखं असतं तर पटकन सांगितलं असतं. ८५ हजारांत तुझ्या आईची भिशी आहे आणि तू दोन वर्षं शेजारच्या पोरांच्या शिकवण्या घेतल्यास ते पैसे आहेत. तेव्हा सेल गेला तर जाऊ दे. दर सणाला पुन्हा येतो तो, गणपतीसारखा.

तिन्ही मशिनांवर तोच हिरवा स्टिकर आहे, आरटीएक्स ४०५०, म्हणजे गेमची चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड. म्हणून तुला वाटलं की आत माल एकच, फरक फक्त रंगाचा आणि सात-आठ हजारांचा. माझ्या रिपेअरिंगच्या टेबलावर येणाऱ्या निम्म्या लोकांना हेच वाटतं. पण लॅपटॉपमधल्या ४०५०ला किती वीज द्यायची हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत त्याला मुभा आहे. चिप तीच, सहा जीबी मेमरी तीच, स्टिकर तोच, पण एकाला पोटभर जेवण आणि दुसऱ्याला उपासाची भगर. ३५-४५ वॅटवर बसवलेलं वरच्या दर्जाचं ४०६० कार्ड भरपूर वीज मिळणाऱ्या ४०५०च्या जेमतेम बरोबरीला येतं, कधी मागेही पडतं. नावात आकडा मोठा म्हणून हुरळून जाऊ नकोस ते यासाठी.

या आकड्याला टीजीपी म्हणतात. कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०२१पासून कंपन्यांना तो मॉडेलच्या पानावर लिहायला सांगितलं आहे. लिहितातही, पण कुठे? सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, "तपशील आणखी पाहा"वर बोट ठेवल्यावर. तुझ्या पहिल्या लिंकवर १०५ वॅट सापडले, दुसरीवर ७५. तिसरीवर मी तीनदा शोधले, नाहीत. ती सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात पातळ, आणि तुला तीच आवडली आहे हे मला फोटोखालच्या बदामावरून कळलं.

आता माझी फजिती ऐक. २०२१ सालीच मी भाच्याला ३०५० कार्डाचा लॅपटॉप घेऊन दिला. अगदी असाच, पातळ नि देखणा. मी स्वतः रिपेअरिंगवाली, दिवसभर मदरबोर्डवर डोळे घालून बसणारी, आणि वॅट बघितलेच नाहीत. त्याच्या मित्राने त्याच महिन्यात त्याच कार्डाचा एक ठोकळा घेतला. दोघं शेजारी बसून तोच गेम तशाच सेटिंगवर खेळायचे. मित्राचा सुरळीत, आणि आमच्याकडे पहिली पाच मिनिटं बरी, मग गाडी घाटात धापा टाकते तसं व्हायचं. उघडून बघितलं तर आत एकच पंखा, नि तांब्याची नळी माझ्या करंगळीएवढीही नाही. कार्ड ४० वॅटवर बांधलेलं होतं. त्यात दोष कुणाचाच नव्हता, पानावर आकडा होता. वाचायला मी नव्हते.

उलट बाजूही सांगते, नाहीतर तू आता वॅटांच्याच मागे लागशील. ४०५०ला ९०-१००च्या पुढे दिलेल्या विजेचा फारसा उपयोग नाही, चिप तेवढी खातच नाही. तेव्हा १०५वाल्यापेक्षा ११५वाला हवा म्हणून तीन हजार जास्त मोजू नकोस. ४५ आणि ९० यांतलं अंतर मात्र खरं आहे, ते डोळ्यांना दिसतं.

तुझं कॉलेज नागपूरला आहे, हे आईने सांगितलं तेव्हा मी आधी वॅट विसरून उन्हाळ्याचाच विचार केला. यूट्यूबवरचे लोक मशीन तपासतात ते एसीच्या खोलीत, २२ ते २५ अंशांत. समज, तिथे प्रोसेसर ८२ अंशांवर स्थिरावला. खोली जेवढी तापेल, साधारण तेवढेच अंश चिपवर चढतात. मे महिन्यात बाहेर ४४-४५ आणि हॉस्टेलच्या खोलीत रात्री ३८ असलं, तर ८२चे ९६ होतात. बऱ्याच इंटेल चिपांची मर्यादा १०० अंश असते. तिथे पोचायच्या आधीच ती स्वतःचा वेग कमी करते. चिप जळत नाही, घाबरू नकोस, पण तू ज्या वेगाचे पैसे दिलेस तो वेग एप्रिलपासून जूनपर्यंत तुझा नसतो. म्हणून रिव्ह्यू बघताना नुसते फ्रेम, म्हणजे सेकंदाला किती चित्रं निघतात ते, बघू नकोस. अर्धा तास खेळून झाल्यावरचं तापमान दाखवणारा रिव्ह्यू शोध, आणि त्यात स्वतःच्या मनाने बारा-चौदा अंश मिळव. आणि हो, कूलरच्या तोंडासमोर लॅपटॉप ठेवायचा नाही. ती हवा गार असते तशीच ओलीही असते. विदर्भातून आलेल्या एका बोर्डावर मी हिरवट बुरशीसारखा गंज ब्रशने घासून काढला आहे.

दुकानात डेमो पीस हातात आला की आधी तो उलटा कर. सेल्समन बघत राहील, राहू दे. खालच्या जाळीला किती भोकं आहेत, आणि त्यांतली खरी किती ते बघ. काही ठिकाणी नुसती नक्षी असते, मागे प्लास्टिक बंद. रबरी पाय उंच हवेत, म्हणजे खालून हवा आत जाते. गरम हवा मागून निघते की उजव्या बाजूने, तेही बघ. उजवीकडून निघाली तर माउसवरचा हात दिवसभर भाजतो.

मग सरळ करून झाकण एका बोटाने उघड, मधोमध नाही, एका कोपऱ्याला धरून. कोपरा आधी उठून बाकी झाकण मागून आलं, स्क्रीन पिळवटल्यासारखी वाटली, तर ते मशीन बाजूला ठेव. माझ्याकडे येणाऱ्या गेमिंग लॅपटॉपांत सगळ्यात जास्त रोगी बिजागरीचे. बिजागरी स्वतः लोखंडी नि दणकट असते. ती ज्यावर बसते तो भाग प्लास्टिकचा, आणि त्यात पितळेच्या छोट्या बुशी (स्क्रू बसायच्या नळ्या) दाबून बसवलेल्या असतात. वर्ष-दीड वर्षात तेल सुकतं, बिजागरी घट्ट होते, आणि रोजच्या उघड-मिटीत ती बुश प्लास्टिकासकट उपटून निघते. एके दिवशी गिऱ्हाईक झाकण उघडतं आणि "कट्" असा आवाज येतो. मग बॅकपॅनेल बदला, कधी स्क्रीनची केबलही तुटलेली. वॉरंटीत बसवायला जावं तर "फिजिकल डॅमेज" म्हणून हात वर. हे ऐकून रडकुंडीला आलेली दहा पोरं तरी मी बघितली असतील.

स्क्रीनबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, नुसतं "१४४ हर्ट्झ आहे" एवढं लिहिलंस. १४४ हर्ट्झ म्हणजे साधारण सात मिलिसेकंदाला एक नवीन चित्र. पण कार्ड तेवढी चित्रं काढत असेल तर ना. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये काढेल आरामात. सायबरपंकसारख्या जड गेममध्ये सेकंदाला ५०-६० निघाली तर स्क्रीन १४४ची असून काय उपयोग, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मी हर्ट्झपेक्षा रंग बघते. पानावर "४५ टक्के एनटीएससी" लिहिलेलं दिसलं की समजायचं, रंगांचा एक तृतीयांशाहून जास्त भाग गायब आहे. "१०० टक्के एसआरजीबी" हवं. ही दोन्ही स्क्रीन किती रंग दाखवते त्याची मापं. माझी तपासणी सोपी आहे. मोबाइलमध्ये कुंकवाच्या करंड्याचा फोटो आहे, तो लॅपटॉपवर उघडायचा नि मोबाइल शेजारी धरायचा. भिकार स्क्रीनवर कुंकू विटकरी दिसतं. कुंकू विटकरी दिसलं की मला पुढचं काही बघावं लागत नाही. उजेड ३०० निट्सच्या खाली नको, नाहीतर दिवसा खिडकीशेजारी बसून अभ्यास करताना तुला तुझंच तोंड दिसेल.

प्रोसेसरच्या नावांत कंपन्यांनी जाणूनबुजून घोळ घातला आहे, असं माझं स्वच्छ मत आहे. एएमडीच्या ७ने सुरू होणाऱ्या चार आकडी नावांत तिसरा आकडा बघायचा. ७५३५ आणि ७७३५ यांत तिसरा ३, म्हणजे जुनी पिढी नव्या कपड्यांत. ७६४० किंवा ७८४०मध्ये ४, ती त्या मालिकेतली खरी नवीन. जुनी पिढी वाईट असं नाही, स्वस्तात मिळाली तर खुशाल घे. फक्त नवीनचे पैसे देऊ नकोस. तुझ्या दुसऱ्या लिंकमधला ७४३५एचएस मात्र वेगळाच प्राणी आहे. त्याच्या आत स्वतःचं छोटं ग्राफिक्स नाहीच. बाकी लॅपटॉप वर्गात नोट्स काढताना मोठं कार्ड झोपवून ठेवतात नि छोट्यावर चालतात. याच्यात मोठं कार्ड सतत जागं. ५७ वॅट-तासांची बॅटरी १४ वॅटवर चार तास पुरते, आणि तेच मशीन २५ वॅट खात बसलं तर सव्वादोन तासांत मान टाकते. खोलीत प्लगला लावून खेळणाऱ्यासाठी उत्तम सौदा आहे तो. तुला सकाळी नऊ ते चार लेक्चर आहेत.

बॅटरीवर गेम खेळायचा विचारही करू नकोस, कुठल्याच मशिनावर. बॅटरी एका वेळी तेवढी वीज देऊच शकत नाही, कार्ड आपोआप आखडतं.

मक्स स्विच आहे का, तेवढं विचार. तो नसेल तर मोठ्या कार्डाने काढलेलं चित्र आधी छोट्या ग्राफिक्सच्या दारातून जातं, मग स्क्रीनवर. व्हॅलोरंटसारख्या भरपूर फ्रेमच्या खेळात हा वळसा जाणवतो. रॅम १६ जीबी आहे, ठीक. पण एक १६ची स्टिक की आठ-आठच्या दोन? टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर गेलीस की किती स्लॉट भरलेत ते दिसतं. एकच असेल तरी हरकत नाही, दुसरी नंतर टाकता येते, पण स्लॉट मोकळा हवा आणि रॅम बोर्डावर डकवलेली नको. एसएसडीसाठी, म्हणजे गेम नि फाइली साठवायच्या डिस्कसाठी, दुसरी जागा असेल तर बरं. ५१२ जीबी गेमिंगला दिवाळीच्या फराळासारखी संपते.

आता हॉस्टेल. चार्जर विटेएवढा नसला तरी अर्ध्या विटेएवढा असणारच, त्याचं वजन पकडून बॅग उचलून बघ. त्याला तीन पिनांचा प्लग असतो आणि तिसरी पिन शोभेची नाही. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर लावलास तर धातूच्या झाकणावरून बोट फिरवताना झिणझिण्या येतात. मुलं घाबरून मशीन माझ्याकडे आणतात, नि मी त्यांना वायरमनकडे पाठवते. दोन पिनांचा कन्व्हर्टर लावून भागवू नकोस, खोली बदल नाहीतर सॉकेट दुरुस्त करून घे. टाइप-सी चार्जर वर्गात न्यायला चालतो, पण १०० वॅटचा असला तरी खेळताना तो पुरत नाही.

"नो कॉस्ट ईएमआय"च्या मोहात पडण्याआधी एकरकमी भाव विचार. पुष्कळदा रोखीवर मिळणारी सूट हीच तिकडे व्याज म्हणून वळती केलेली असते, आणि क्रेडिट कार्डाची बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा लावते. बिलावर सिरियल नंबर लिहून घे. खोक्यावरचा, लॅपटॉपच्या पोटावरचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळवून बघ. खोकं उघडतानाचा व्हिडिओ न थांबवता काढ. घरी आल्यावर कंपनीच्या साइटवर नंबर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू दिसते ते तपास. चार महिने आधीची तारीख दिसली तर बिल घेऊन भांड. आणि मॉडेल ठरवण्याआधी त्याचं सर्व्हिस सेंटर नागपुरात आहे का, तिथे जावं लागतं की माणूस घरी येतो, हेही विचार. पहिल्या आठवड्यात मशीन मनसोक्त रगड, रोज दोन-तीन तास खेळ. बिघडायचंच असेल तर बदलून मिळण्याच्या मुदतीत बिघडलेलं बरं. अभ्यासाचं काय, असं आई विचारेल, तिला माझं नाव सांग.

मला विचारशील तर पहिली लिंक. जाड आहे, दिसायला म्हशीसारखी आहे, पण मागून दोन्ही बाजूंना हवा सोडते आणि १०५ वॅट उघड लिहिलेत. तिसरी तुझ्या मनात बसली आहे, म्हणून तिच्या विक्रेत्याला एकच प्रश्न पाठव : या मॉडेलचा टीजीपी किती? "मॅम, यात आरटीएक्स ४०५० आहे" असं उत्तर आलं तर पुन्हा तोच प्रश्न विचार. दुसऱ्यांदाही तेच आलं तर मला कळव, आपण दोघी मिळून हसू.

शनिवारी दुकानात जाशील तेव्हा पहिल्या लिंकच्या डेमो पीसच्या बिजागरीचा फोटो पाठव. जवळून काढ, फ्लॅश बंद ठेवून. मी टेबलावरच असते.

मावशी